भिंतीपलीकडची दुसरी खोली

मी उंदराचा पिंजरा बोलतोय. मुरडलंत ना नाक? मुरडा. पोपटाचा पिंजरा असतो तर जवळ येऊन बसला असतात. माझ्याशी कोणी दोन शब्द बोलत नाही, तेव्हा माझं ऐकून घेणं दूरच. पण उद्या सकाळी मला दुरुस्त करायला माणूस येणार आहे. तो यायच्या आत मला माझं सगळं बोलून घ्यायचंय.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या दुकानात झाला. दुकान म्हणजे एक टेबल, एक पक्कड, तारेची भेंडोळी आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून काम करणारा एक कारागीर. त्यानं माझा तळ लाकडाचा केला आणि भिंती तारेच्या जाळीच्या. आत एक आकडा टांगला. आकड्याला खाऊ लावायचा, उंदरानं तो ओढला की वरची दांडी निसटते आणि दार खाडकन खाली येतं. एवढीच माझी विद्या. पण माझं दार तळाला पूर्ण टेकत नाही, खाली बारीकशी फट राहते. एक गिऱ्हाईक ती बघून हसलं आणि माप चुकलंय म्हणालं.

"चुकलं नाही," कारागीर म्हणाला. "शेपूट सापडते मध्ये. उगाच कशाला?"

त्या 'उगाच कशाला'वर मी मोठा झालो. शेजारच्या फळीवर खटक्याचे सापळे होते, उंदराची मान मोडणारे. त्यांना मी तोंडावर खाटीक म्हणायचो. ते मला म्हणायचे, तू काय मोठा साधू लागून गेलास, पकडून ठेवतोस आणि पुढचं दुसऱ्याच्या गळ्यात मारतोस. मी त्यांच्याकडे ढुंकून बघायचो नाही. खोटं कशाला सांगू, मला फार गर्व होता.

मग एक दिवस केंद्राचे व्यवस्थापक दुकानात आले. गावाबाहेर, नदीच्या अलीकडे, एक साधना केंद्र आहे. तिथे माणसं दहा-दहा दिवस येऊन राहतात, मौन पाळतात, डोळे मिटून बसतात आणि कुठल्याही जिवाला दुखवायचं नाही हे शिकतात. व्यवस्थापकांनी खटक्याचे सापळे पाहिले आणि अंग चोरून बाजूला झाले. माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी एकच विचारलं, हा मारत नाही ना? कारागीर नाही म्हणाला आणि मी केंद्रात गेलो. मला तर वाटलं, आपली माणसं भेटली.

आणि तिथे खरंच माझा थाट होता हो. दिवसा मला सभागृहात एका फळीवर ठेवायचे, जिथे येणाराजाणारा प्रत्येक जण बघेल. केंद्राचे प्रमुख, त्यांना सगळे आचार्य म्हणायचे, शिबिराच्या पहिल्या दिवशी मला स्वतःच्या हातात घ्यायचे. त्यांचा हात गार आणि हलका होता. "उंदराला त्रास होतो तसाच आपल्यालाही होतो," ते म्हणायचे, "तर मग आपण त्याला का द्यायचा?" एवढं बोलून मला असे हळू खाली ठेवायचे, की जाळीची तारही वाजायची नाही. हा माणूस ढोंगी नव्हता, हे मला आधीच सांगून टाकायला हवं. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर ते वळसा घालून जायचे. खिडकीशी पतंग फडफडायला लागला तर त्याच्यावर पेला पालथा घालून, खाली कागद सरकवून, स्वतः उठून बाहेर सोडायचे. मी त्यांच्यावर जीव टाकत होतो. म्हणून तर एवढं लागलंय.

संध्याकाळ झाली की माझी बदली स्वयंपाकघरात व्हायची. तिथे माझा ताबा मावशींकडे. सत्तर माणसांचा स्वयंपाक रेटणारी ही बाई, पण मला कधी आदळून ठेवलं नाही. पावाचा तुकडा आकड्याला लावताना माझ्याशी बोलायची. आज तरी जाडजूड पाहुणा आण रे, कालचा अगदीच फाटका होता, म्हणायची. थंडीच्या दिवसांत माझ्या कोपऱ्यात चिंधी घालायची, आत सापडलेला रात्रभर गारठू नये म्हणून. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. सभागृहात तिला बसायला वेळच कुठे असायचा!

सुरुवातीला सकाळी माळीकाका मला उचलायचे, नदीचा पूल ओलांडायचे आणि पलीकडच्या मोकळ्या माळावर दार वर करायचे. उंदीर क्षणभर थबकायचा आणि सुटायचा. मला फार बरं वाटायचं. पण माळीकाकांचे गुडघे दुखायला लागले. पुलापर्यंत जाऊन यायला अर्धा तास मोडतो, असं व्यवस्थापकांनी घड्याळ लावून पाहिलं. केंद्राच्या आवाराला उंच भिंत आहे आणि मागच्या बाजूला त्या भिंतीत एक छोटं दार आहे. ठरलं असं, की यापुढे उंदीर त्या दारातून बाहेर सोडायचे.

शिबिराला आलेल्या माणसांना हे इतकं आवडलं, की त्याचा सोहळाच झाला. दहाव्या दिवशी सकाळी सगळे मागच्या दाराशी गोळा व्हायचे. कोणीतरी एक पुढे यायचा, मला हातात घ्यायचा, भिंतीचं दार उघडायचं, माझं दार वर व्हायचं, उंदीर गवतात पळायचा आणि लोक डोळे पुसायचे. एक बाई तर म्हणाल्या, आज मलाच कोणीतरी सोडल्यासारखं वाटतंय. भिंतीचं दार लागायचं. मग सभागृहातल्या फळ्यावर वाचवलेल्या जिवांचा आकडा एकानं वाढायचा. तो आकडा बघून माझी छाती फुगायची.

भिंतीपलीकडे काय आहे? मला गवत दिसायचं आणि गवतामागे एक पत्र्याचं छप्पर. असेल कसली तरी कोठी, असं मी धरून चाललो होतो. विचारायची गरज मला कधी वाटली नाही, आणि मी ज्यांच्या हातात असायचो त्यांनाही वाटली नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकायला हवी होती. एक उंदीर होता, डावा कान अर्धा तुटलेला. मी त्याला एकदा पकडला, सोडला. महिन्यानं परत तोच. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच. फळ्यावर तो तीनदा मोजला गेला. आणि मी वेडा, मला वाटलं, त्याला माझा लळा लागलाय!

मग दोन शिबिरांच्या मधल्या सुटीत मावशींनी व्यवस्थापकांकडे मला दोन दिवसांसाठी मागितलं. खोलीत उंदीर फार झालेत, म्हणाल्या. त्यांनी हो म्हटलं. मावशींनी मला पदराखाली घेतलं, स्वयंपाकघराच्या मागून निघाल्या आणि त्याच छोट्या दारातून बाहेर पडल्या. गवत तुडवत वीस पावलं चालल्या आणि पत्र्याच्या छपराखाली शिरल्या. ती कोठी नव्हती. केंद्रात राबणाऱ्यांच्या खोल्या होत्या, ओळीनं पाच. दुसरी खोली मावशींची.

खोलीत सगळं उंचावर टांगलेलं. पिठाचा डबा दोरीला, कपडे खुंटीला, औषधांची पिशवी खिळ्याला. जमिनीवर फक्त एक गादी आणि गादीवर मावशींची आई. म्हातारीला बरीच वर्षं साखरेचा आजार, त्यानं पाय बधिर झालेले. पायात काटा मोडला तरी तिला कळायचं नाही. दात नव्हते पण जीभ भारी होती. मला बघून लेकीला म्हणाली, "हा आला होय तुमचा साधू? याच्याच कृपेनं माझ्या उशीला भोक पडलंय."

दोन दिवसांत मी तिथे चार उंदीर पकडले. चौथा तो कानतुटका. माझ्या जाळीला नाक लावून तो माझ्याकडे बघत राहिला आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी ज्याला सुटका म्हणत होतो, ती या म्हातारीच्या उशाशी होत होती. फळ्यावरचे ते सगळे जीव या पाच खोल्यांत येऊन राहिले होते, इथे खाऊन माजले की भिंतीखालून पुन्हा केंद्रात जात होते, आणि मी त्यांना पकडून पुन्हा इथेच आणून सोडत होतो. मावशींनी ते चारही उंदीर दुपारच्या विश्रांतीच्या वेळात पुलापलीकडे नेऊन सोडले. पाय दुखतात म्हणून कुरकुरल्या, पण नेले.

नवं शिबिर लागलं आणि मला परत फळीवर बोलावलं. त्या सकाळी मी मावशींच्या हातात होतो, तेव्हा त्या व्यवस्थापकांशी बोलल्या. फार काही मागितलं नाही. उंदीर पुलापलीकडे सोडू द्या, माळीकाकांना जमत नसेल तर मी जाते, फक्त न्याहारी अर्धा तास उशिरा लावू द्या. व्यवस्थापक म्हणाले, वेळापत्रक माझ्या हातात नाही. मग त्या आचार्यांकडे गेल्या. आचार्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, "मावशी, त्यांनाही कुठेतरी राहायचंच आहे. आपण मन मोठं करायचं." मावशी हो म्हणून उठल्या. मन मोठं करून करणार किती? खोली होती तेवढीच होती.

दहाव्या दिवशी पुन्हा सोहळा झाला. एका उंच गृहस्थांनी मला धरलं होतं. आत कानतुटका. बिचारा पुलापलीकडून इतकं अंतर तोडून परत आला होता, आणि आम्ही त्याला वीस पावलांवर सोडत होतो. मी जमेल तेवढी कुरकुर केली, जाळी वाजवली, दार अडवून धरलं. त्या गृहस्थांनी एक झटका दिला आणि दार वर गेलं. लोकांनी डोळे पुसले.

त्यानंतर पाचव्या-सहाव्या सकाळी मावशी कामाला उशिरा आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. भाजी चिरणाऱ्या दोघी त्यांच्याभोवती जमल्या तेव्हा मला सगळं कळलं. सकाळी उजाडल्यावर मावशींनी आईची चादर काढली तर पायाकडची बाजू लाल झालेली. उजव्या पायाची करंगळी उंदरानं कुरतडली होती, हाड दिसेपर्यंत. म्हातारीला काहीच कळलं नव्हतं. ती गादीवर बसून चहा मागत होती. मावशी हे सांगत होत्या आणि त्यांचे हात कणीक मळत होते, कारण सत्तर माणसं न्याहारीची वाट बघत होती.

करंगळी डॉक्टरांना काढावी लागली. जखम चिघळली तर पाऊलही जाईल, असं सांगून त्यांनी म्हातारीला घरी सोडलं. त्या दिवशी मावशींनी बाजारातून उंदराचं औषध आणलं आणि पिठाच्या गोळ्यांत कालवून खोलीच्या कोपऱ्यांत ठेवलं. हे त्यांनी कोणापासून लपवलं नाही, पण कोणी विचारलंही नाही.

विषानं उंदीर जागच्या जागी मरत नाही. तो पाणी शोधत फिरतो. कानतुटका फिरत फिरत भिंतीखालून आत आला आणि भर सकाळी, सगळे डोळे मिटून बसलेले असताना, सभागृहाच्या मधोमध आडवा पडला. पाय झाडत होता. एका बाईनं डोळे उघडले आणि ती किंचाळली. आचार्य धावत आले, खाली बसले आणि त्याला हातावर घेतलं. तो त्यांच्या हातावरच गेला. आचार्य रडले. मी फळीवरून बघत होतो. ते अश्रू खरे होते.

त्याला बागेत पुरलं. वर फुलं ठेवली. त्याच्यासाठी अख्ख्या केंद्रानं दिवसभर उपास केला, म्हणजे मावशींना त्या दिवशी स्वयंपाक नव्हता. रिकाम्या हातांनी त्या सभागृहात बोलावल्यावर येऊन उभ्या राहिल्या. सगळे गोल करून बसले होते. कोणाचाही आवाज चढला नाही. तिथे आवाज कधी चढत नाही.

"मावशी, आम्ही तुमच्यावर रागावलेलो नाही," आचार्य म्हणाले. "तुम्हाला आम्ही क्षमा केली आहे. पण ज्या हातांनी विष कालवलं, त्या हातचं अन्न आता इथे कोणाच्या घशाखाली उतरणार नाही."

खोली रविवारपर्यंत रिकामी करायची, हे व्यवस्थापकांनी सांगितलं.

मावशींनी पदर सारखा केला. "विष मीच कालवलं," त्या म्हणाल्या. "त्याचं मला वाईट वाटतंय. त्याला थंडीत चिंधी घालणारीही मीच होते. पण आचार्य, तुम्ही त्याला त्या दारातून बाहेर काढलंत आणि तो माझ्या दारातून आत आला. माझ्या आईचं बोट गेलं त्याला आज आठ दिवस झाले. तुमच्या दारापासून माझी खोली वीस पावलांवर आहे. एक माणूस बघायला आला नाही."

  मग आचार्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, आईंसाठी आपण सगळे प्रार्थना करू. आणि त्यांनी केली. बसल्या जागेवरून. वीस पावलं काही कोणी चाललं नाही.

अहो, मला हातात धरून मोठं करणारी ही माणसं! शेपूट सापडू नये म्हणून ज्यानं फट ठेवली, त्याच्या कामाची या लोकांनी शोभा केली. केसानं गळा कापला माझा. आणि सांगायला लाज वाटते, पण मावशींचा गळा मी कापला. दर वेळी मीच होतो ना त्या दाराशी! दुकानातल्या फळीवरच्या खाटकांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. त्यांचे शब्द आता मला झोपू देत नाहीत.

रविवारी सकाळी मावशी शेवटचं स्वयंपाकघरात आल्या. खोलीची किल्ली द्यायची होती. माझ्यात एक उंदीर सापडला होता, लहानसा, पहिल्यांदाच पकडलेला. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता मला बादलीत बुडवणार. बुडवलं असतं तर मी हूं की चूं केलं नसतं. पण त्यांनी मला उचललं आणि पुढच्या फाटकातून बाहेर पडल्या. रस्ता, उतार, पूल. पुलापलीकडे माळावर त्यांनी माझं दार वर केलं. उंदीर गेला. त्यांनी घाम पुसला आणि त्या मागे वळल्या.

फाटकाशी व्यवस्थापक उभे होते. मावशींनी मला आणि किल्लीला त्यांच्या हातात दिलं.

"पुलापलीकडे सोडला," त्या म्हणाल्या. "अर्धा तास लागला."

मग त्यांनी एक हातगाडी ठरवली, तिच्यावर गादी टाकली, गादीवर आईला बसवलं आणि निघाल्या. म्हातारीचा पाय फडक्यात गुंडाळलेला होता. जाताना ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही. बरं झालं. त्या कुठे गेल्या, पायाचं काय झालं, मला कोणी सांगितलं नाही. इथे त्यांचं नाव निघत नाही. कोणाबद्दल वाईट बोलायचं नाही, असा इथे नियम आहे.

मी अजून त्याच फळीवर आहे. नव्या शिबिराला आचार्य माझी ओळख करून देतात, तेव्हा आता बागेत पुरलेल्या त्या उंदराची गोष्टही सांगतात. करंगळीची सांगत नाहीत. त्यांचा हात अजून तसाच गार आणि हलका आहे, पण मला तो आता सोसवत नाही.

त्या दिवसापासून माझं दार पडत नाही. उंदीर येतात, पावाचा तुकडा खातात आणि निघून जातात. व्यवस्थापक म्हणतात, गंज चढलाय. म्हणू देत. फळ्यावरचा आकडा कित्येक दिवस हललेला नाही आणि येणाऱ्या लोकांचा विरस होतोय. म्हणून उद्या तेलाची बाटली आणि नवी स्प्रिंग घेऊन माणूस येणार आहे.

तेव्हा तुम्ही जे कोणी ऐकत असाल, तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. उद्या त्या माणसाला थोडा वेळ थांबवा. आचार्यांचा हात धरा, हवं तर माझं नाव सांगा, आणि त्यांना मागच्या दारातून बाहेर न्या. वीस पावलं आहेत. दुसऱ्या खोलीत आता नवी स्वयंपाकीण राहायला आली आहे. तिचं मूल तीन महिन्यांचं आहे, आणि तिच्याकडे खाट नाही. ते जमिनीवरच झोपतं.